शेवट पाठ असतो, तरी जीव टांगणीला का लागतो?

दुरुस्तीसाठी बराच काळ बंद असलेलं ठाण्याचं गडकरी रंगायतन पुन्हा उघडलं आणि तलावपाळीवरच्या संध्याकाळच्या गप्पांमध्ये नाटकं परत आली. अशाच एका फेरीत आमच्या सोसायटीतल्या काकू भेटल्या. एक जुनं कौटुंबिक नाटक त्या तिसऱ्यांदा पाहून आल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, शेवट मला पाठ आहे. कोण कधी काय बोलणार तेही पाठ आहे. तरी दुसऱ्या अंकात मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. वयाचा परिणाम म्हणायचा का हा?"

वयाचा नाही, काकू. लिहिणाऱ्याच्या हाताचा परिणाम आहे. आणि हा प्रश्न त्या थिएटरच्या दारात पडावा हेही बरंच झालं, कारण ज्यांचं नाव त्या वास्तूला आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांनीच मराठीतलं सगळ्यात प्रसिद्ध असं, शेवट आधीपासून ठाऊक असलेलं नाटक लिहून ठेवलंय.

अपघात आणि शोकात्मिका

आधी एकच जड शब्द. घोडबंदर रोडवर एखाद्या भल्या माणसाला ट्रकने उडवलं, तर ती वाईट बातमी. आपण हळहळतो, पण तिचं नाटक होत नाही. तोच माणूस, चांगल्या हेतूने घेतलेल्या स्वतःच्याच निर्णयामुळे, पावलापावलाने त्या ट्रकसमोर येऊन उभा राहिला, तर ती शोकात्मिका. बोलताना आपण सरसकट 'शोकांतिका' म्हणतो. पण शोकांतिका म्हणजे फक्त शेवट दुःखाचा. शोकात्मिकेत दुःख पहिल्या प्रवेशापासून आत भिनलेलं असतं, म्हणून हा शब्द मला जास्त नेमका वाटतो.

ॲरिस्टॉटलने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी म्हटलं, की असा नायक दुष्ट नसतो, त्याच्या हातून एक चूक होते. चुकीसाठी त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'नेम चुकणं'. मला हे फार आवडतं. नेम चुकणारा माणूस निशाण्यावरच बाण मारत असतो. त्याला वाईट करायचं नसतं, बरोबरच करायचं असतं.

पण घरच का?

ॲरिस्टॉटलने हेही सांगून ठेवलंय, की शत्रूने शत्रूला मारलं तर त्यात विशेष काही वाटत नाही. भावाने भावाला, मुलाने बापाला, आईने लेकराला इजा केली, किंवा करायच्या बेतात आला, तर अंगावर काटा येतो. नाटककाराने अशीच प्रकरणं शोधावीत.

याचं कारण ठाणेकराला दहीहंडीवरून चटकन कळेल. नऊ थर लागताना आपण वरच्या पोराकडे बघत असतो, पण खरा जीव अडकलेला असतो खालच्या थरातल्या, मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसांत. त्यांच्या पोटऱ्या थरथरतात. त्यांना वर काय चाललंय ते दिसत नाही, आणि जागा सोडता तर मुळीच येत नाही. एकाने अंग काढून घेतलं की सगळे खाली. कुटुंबही असंच एकमेकांच्या खांद्यांवर उभं असतं. ऑफिसात साहेबाशी पटेना तर राजीनामा देता येतो. आईपणाचा, भाऊपणाचा राजीनामा कुणाकडे देणार? बाहेर पडायला जागा नसणं हे कौटुंबिक नाटकाचं पहिलं भांडवल.

भांडण झालं म्हणजे ताण आला का?

नवे लेखक इथे हमखास घसरतात. पडदा उघडला की बाप ओरडतोय, मुलगा भांडी आपटतोय. दहा मिनिटांत प्रेक्षक मोबाइल काढतो. भांडणात साठलेलं बाहेर पडतं, म्हणजे ताण मोकळा होतो. ताण असतो भांडणाच्या आधी, सगळे अगदी व्यवस्थित बोलत असतात तेव्हा. 'आमटी छान झालीय' हे वाक्य ऐकून सभागृहात टाचणी पडल्याचा आवाज येईल अशी शांतता पसरली, तर समजावं की लेखकाला काम येतं.

मग ताण म्हणजे नेमकं काय? 'पुढे काय होणार' ही उत्सुकता आहे, आणि ती एकदाच पुरते. दुसऱ्यांदा नाटक पाहताना ती संपलेली असते. काकूंना तिसऱ्या खेपेला जे धरून ठेवतं, ते माझ्या मते हे आहे: 'अजून यातून वाचता येईल'. लेखक सुटकेचं एक दार किलकिलं करतो. प्रेक्षकाला ते दिसतं. पात्र त्या दारापर्यंत येतं, आणि स्वतःच्याच स्वभावापायी, अभिमानापायी, बऱ्याचदा प्रेमापायी ते आपल्या हाताने लोटून घेतं. मग दुसरं दार, मग तिसरं. शेवट ठाऊक असला तरी प्रत्येक दारापाशी मन म्हणतं, 'अरे, जा ना!' पाठ असलेल्या शेवटाने ही हाक बंद होत नाही. उलट ती आणखी केविलवाणी होते.

'एकच' या शब्दातलं दार

'एकच प्याला' घ्या. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी गेले आणि हे नाटक त्यांच्या मागे रंगभूमीवर आलं. गंधर्व नाटक मंडळीने ते केलं, बालगंधर्व सिंधू झाले, म्हणजे नायक सुधाकरची बायको. सुधाकर हुशार वकील. कोर्टात अपमान होतो, काही काळासाठी वकिलीची सनद जाते, आणि त्या घायाळ अवस्थेत त्याचा कारकून तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देतो.

आता शीर्षकाकडेच बघा. 'एकच' हा शब्द म्हणजे किलकिलं दार आहे. एकच तर घेतोय, मग थांबेन. नाटकाच्या नावातच वाचण्याची शक्यता आणि न वाचण्याची खात्री दोन्ही एकत्र बसवलीत. असं नाव सुचायला गडकरीच हवेत.

पुढे संसार रसातळाला जातो. पण गडकरी सुधाकरला सरळ उतरणीवर सोडून देत नाहीत. मध्येच तो दारू सोडतो. मनापासून सोडतो. कामधंदा मागायला जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे जातो. इथे प्रेक्षक पुढे सरकून बसतो, कारण हे सगळ्यात मोठं दार आहे. ती सभ्य माणसं त्याला हिणवून घालवून देतात, आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. हा प्रवेश काढून टाकला, तर उरेल ते दारूबंदीवरचं प्रवचन. आणि शेवटचा पेला तो विष कालवून घेतो. तोही 'एकच'.

सिंधूचीही दारं आहेत. भाऊ मदतीला उभा आहे. माहेर खातंपितं आहे. ती नवऱ्याचा शब्द आणि मान राखण्यासाठी जात्यावर बसून दळणं दळते, पण ते दार उघडत नाही. तिच्याबद्दल आजच्या प्रेक्षकाची एक रास्त तक्रार आहे, तिच्याकडे पुढे येतो.

ग्रीकांकडे याहून क्रूर युक्ती होती. सुटकेचं दार वाटावं आणि त्यातूनच संकट आत यावं. सोफोक्लिसच्या ईडिपसला भीती असते, की भविष्यवाणीप्रमाणे आपल्या हातून बापाचा खून आणि आईशी लग्न घडेल. कोरिंथहून निरोप्या येतो: तुझे वडील नैसर्गिक मरणाने गेले. हायसं वाटतं. आईचं भय उरलंय म्हणतोस? तेही सोड, निरोप्या आनंदाने सांगतो, ती तुझी जन्मदाती नव्हेच! त्या बिचाऱ्याला धीर द्यायचा होता. ईडिपसची राणी योकास्टा हीच खरं तर त्याची जन्मदाती. निरोप्याच्या बोलण्यातून तिला सगळं उमगतं, ती पुढचं विचारू नकोस म्हणून गयावया करते. दार अजून उघडं आहे. तो विचारतो.

एक नाटक मांडून पाहू: नौपाड्यातलं घर

दुसऱ्याच्या नाटकांवर बोलणं सोपं. स्वतः रचून पाहिलं की यंत्र कळतं. ठाण्यात आज कुठलं घर नाटकाला तयार बसलंय? ज्याची इमारत पुनर्विकासाला निघालीय ते.

नौपाड्यातली जुनी तीनमजली इमारत. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, घर त्यांच्या नावावर, मृत्युपत्र नाही. म्हणजे हिंदू वारसा कायद्याने आई, दादा आणि धाकटी बहीण यांचा सारखा वाटा. बिल्डरशी करार व्हायचाय. त्याआधी घर एका नावावर यावं म्हणून दादाला धाकटीचं हक्कसोडपत्र हवंय. ती ऐरोलीला असते.

एवढ्यावर नाटक होतं का? होतं, पण साधं, वाट्याच्या भांडणाचं. भाऊ लोभी, बहीण बिचारी. मालिकावाल्यांनी सोमवारपासूनच घेतलं असतं. ते शोकात्मिकेकडे न्यायचं तर दोघांचीही बाजू खरी हवी.

म्हणून पहिल्या प्रवेशात फक्त प्रेक्षकाला कळू द्या: वडिलांच्या आजारपणात दादाने बाहेरून मोठं कर्ज काढलंय. आईला सांगितलं, कंपनीचा विमा होता. धाकटीलाही तेच. पुनर्विकासात हातात येणारे पैसे त्याने देणेकऱ्याला कबूल करून टाकलेत. दुसऱ्या प्रवेशात धाकटी एकटी, जिन्यात फोनवर: तिच्या नवऱ्याची नोकरी जाऊन चार महिने झालेत. माहेरी कुणाला माहीत नाही. ती आज सही करायला आलेली नाही, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा वाटा मागायला आलीय.

आता दोघांना चहाला बसवा. भांडण लावू नका.

आई म्हणते, "तुम्ही दोघं एकमेकांना आहात, मग मला कसला घोर?"

वाक्य किती साधं आहे. पण दोघांची गुपितं आपल्याला ठाऊक असल्यामुळे त्या वाक्याने दोघांच्याही मानेवर ओझं चढतं. प्रेक्षकाला माहीत आणि पात्राला नाही, या तफावतीला समीक्षेत नाट्यात्म उपरोध म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. युक्ती मात्र लक्षात ठेवा, कारण हिच्यामुळे आमटी, चहा, साखर असल्या शब्दांत वीज भरता येते.

"दादा, एक विचारू?"

"विचार की."

"…चहात साखर कमी केलीस का रे हल्ली?"

तेवढ्यात ती विचारणार होती. विचारलं असतं तर? दादाने सांगून टाकलं असतं, दोघं मिळून रडली असती, काहीतरी मार्ग निघाला असता. दार उघडलं आणि मिटलं. कुणी मिटलं? दोघांच्या एकमेकांवरच्या मायेनं. त्याला तिच्यापुढे लहान व्हायचं नाही, तिला त्याच्यावर भार टाकायचा नाही.

मग दादा कागद पुढे करतो. "सही एवढी करून टाक, म्हणजे तुझी परत परत खेप नको. रजिस्ट्रार ऑफिसला मात्र एकदा यावं लागेल." त्याला खरंच वाटतंय की आपण तिची खेप वाचवतोय. तिला ऐकू येतं ते वेगळंच: परत येऊ नकोस. इथे लेखकाने काहीही समजावून सांगायचं नाही. तिने कप खाली ठेवताना बशीचा आवाज झाला तरी पुरे.

आणि मध्यंतर कुठे पाडाल? पूर्वी पाच अंकी नाटकं चालत, 'एकच प्याला'ही पाच अंकी. आज दोन अंक आणि मधे बटाटेवडा. त्यामुळे पहिला पडदा पडण्याआधीचं वाक्य सोन्याच्या मोलाचं. बरेच जण तिथे गौप्यस्फोट करतात. मी तिथे धाकटीला सही करायला लावेन. मुकाट्याने, हसून. मग जी माणसं वडा खायला बाहेर जातील, ती 'अरे, केली सही?' म्हणत जातील. सगळं सुरळीत झाल्यासारखं दिसतंय आणि आता काहीच सुरळीत राहणार नाही.

घरातली एखादी वस्तू

घरातली एखादी वस्तू लेखकाचं बरंच काम परस्पर करून टाकते. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'मध्ये (१९८५) अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आहे. त्याबद्दल फार बोलावंच लागत नाही, घराची सगळी ऐपत आणि हट्ट तिथे गंजत उभे असतात. घरात दागिने आहेत, ते आहेत तोवर सगळ्यांना एक आशा आहे, आणि शेवटी घरातलीच पोर ते घेऊन पळून जाते. आपल्या नाटकात ती वस्तू मी वडिलांच्या औषधांचा डबा ठेवला असता. आईने अजून टाकलेला नाही. त्यात खाली हॉस्पिटलची बिलं आहेत. पहिल्या अंकात ती डबा फक्त पुसून ठेवते.

एवढं गंभीर असेल तर विनोद कशाला?

काकूंचा हा पुढचा प्रश्न. तळीराम आणि त्याचं ते दारुड्यांचं आर्यमदिरामंडळ, लोक पोट धरून हसतात. मग शोकात्म रसाचा भंग नाही का होत?

संक्रांतीला पतंग उडवला असेल तर उत्तर हातालाच ठाऊक आहे. सारखा खेचलात तर मांजा तुटतो. ढील द्यावी लागते, म्हणजे पुढची खेच लागते. हसलेला प्रेक्षक बेसावध असतो. शिवाय तळीरामाचा विनोद केवळ विश्रांतीसाठी नाही. आपण ज्यावर हसलो त्यानेच हे घर बुडवलंय, हे मागाहून लक्षात येतं आणि आपल्या हसण्याचीच लाज वाटते. मात्र नुसता प्रसंग सैल करायला आणलेला विनोदी नोकर, जो आत येतो, तीन कोट्या करतो आणि जातो, त्याला ढील म्हणत नाहीत. तो हातातून सुटलेला मांजा.

मालिकांतही हेच असतं की!

असतं, पण एक मोठा फरक आहे. मालिकेला संपायचं नसतं. त्यामुळे तिथे दार कधीच कायमचं बंद होत नाही. गेलेला माणूस परततो, विष दुसऱ्याच ग्लासात निघतं, आठवण गेलेली बाई आठवण घेऊन येते. काही वेळाने मनाला कळतं, की इथे कशाचीच किंमत मोजावी लागत नाही. मग ताण टिकवायला तोच चेहरा तीन बाजूंनी आणि ढोलाचा दणका. नाटकात प्रत्येक दार एकदाच. सुमारे अडीच तासांत सगळी बंद व्हायला हवीत, आणि प्रत्येकाची कडी आतून लागायला हवी. योगायोगाने लागलेली कडी मी तरी एकदाच माफ करतो, तीही सुरुवातीला.

'पण सिंधू निघून का जात नाही?'

हा आक्षेप काकूंचा नाही, त्यांच्या मुलीचा. घणसोलीला राहते, आयटीत आहे. ती म्हणाली, "मला सिंधूसाठी ताण येत नाही. राग येतो. बॅग भर आणि नीघ ना!"

हे खोडून काढता येत नाही, आणि खोडूही नये. १९१९ च्या प्रेक्षकाला सिंधूचं दार बंद दिसत होतं, पातिव्रत्याची कडी त्याला खरी वाटत होती. २०२० नंतरच्या मुलीला ते दार सताड उघडं दिसतं. दार उघडं दिसलं की ताण संपतो आणि उरतो वैताग. भाषा, पदं, संवाद कितीही थोर असोत. म्हणून जुनं नाटक आज करताना दिग्दर्शकाने सिंधू सहनशील दाखवण्यापेक्षा तिला हट्टी दाखवली तर मला जास्त पटेल. तिचाही अभिमान आहे, सुधाकरइतकाच.

आणि आज लिहिणाऱ्याला कड्या नव्या शोधाव्या लागतात. त्या भरपूर आहेत. दोघांच्या नावावरचं गृहकर्ज. डायलिसिसवर असलेली सासू, जिला आठवड्यातून तीनदा घेऊन जायला दुसरं कुणी नाही. दहावीतला मुलगा. 'लोक काय म्हणतील' ही कडी आता थोडी गंजलीय, पण हप्त्याची कडी अगदी नवी कोरी आहे.

शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'ने (१९७०) हे काळाच्या पुढचं केलं. तिथे निवृत्त नट आप्पासाहेब बेलवलकर सुरुवातीलाच स्वतःचं दार स्वतः काढून देतात. उदारपणे सगळं मुलांना वाटून मोकळे होतात. बायको कावेरी सावध करते. ताट द्यावं पण पाट देऊ नये, हे आपल्याकडे कुठल्याही आजीला ठाऊक असतं. त्यांना नाही, कारण आयुष्यभर त्यांनी टाळ्यांवर विश्वास ठेवला. मुलं राक्षस नाहीत. सून सून आहे, लेक तिच्या संसारात आहे. त्यामुळे हे नाटक पाहून घरी जाणारे मुलगे गाडीत फारसं बोलत नाहीत.

शेवटी कुणी मेलंच पाहिजे का?

नाही. आपल्या जुन्या नाट्यशास्त्राला तर रंगमंचावरचा मृत्यू नकोच होता. संस्कृत नाटकांचा कल शेवटी सगळं जुळून येण्याकडे. भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो, तो अपवाद म्हणून सांगितला जातो. शोकात्मिकेत शेवटी काहीतरी परत न मिळणारं गेलं पाहिजे. माणूसच जायला हवा असं नाही.

नौपाड्यातल्या घराचे माझ्याकडे दोन शेवट आहेत. एकात देणेकरी दारात येतो, धाकटी सगळं ऐकते, आणि दादाला मिठी मारून म्हणते, "अरे, सांगायचंस ना!" ऐकताना बरं वाटतं, पण सही झालेली आहे, नोंदणी झालेली आहे, आणि तिने स्वतःचं अजूनही सांगितलेलं नाही.

दुसऱ्यात कुणालाच काही कळत नाही. इमारत रिकामी होतेय. सामान टेम्पोत चढतंय. धाकटी मदतीला आलेली नाही, दादा तिच्यावर चिडलेला आहे. आई रिकाम्या खोलीत औषधांचा डबा घेऊन बसलीय, पहिल्यांदाच तो उघडते. तळाशी घडी घातलेले कागद आहेत. ती चष्मा शोधते. चष्मा टेम्पोत गेलाय. ती ते कागद न वाचताच पुन्हा घडी करून डब्यात ठेवते आणि खालून दादाची हाक येते, "आई, चल!"

काकूंना पहिला आवडला. त्यांच्या मुलीने दुसरा ऐकून घेतला आणि विचारलं, चष्मा खिशात असता तर?